आंग थार्के यांचे आत्मकथन : कर्तृत्व आणि लेखकत्व

हिमालयीन गिर्यारोहणाच्या इतिहासात आंग थार्के यांची भेट बहुधा इतरांच्या ग्रंथांतून होते. नेपाळच्या खुंबू प्रदेशात जन्मलेले हे शेर्पा कामाच्या शोधात दार्जिलिंगला आले. १९३३ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत सहाव्या तळापर्यंत ओझी पोहोचवणाऱ्यांत ते होते. १९३४ मध्ये एरिक शिप्टन व बिल टिलमन यांनी ऋषिगंगेच्या घळीतून वाट काढून नंदादेवीच्या अंतर्भागात प्रथमच प्रवेश केला; त्यांच्या सोबतच्या तीन शेर्पांपैकी ते एक. पुढे १९३७ चे काराकोरममधील शक्सगाम सर्वेक्षण आणि १९५१ ची एव्हरेस्टच्या दक्षिण बाजूची पाहणी यांतही त्यांचा सहभाग होता. 'भारवाहक' ही संज्ञा या कारकिर्दीला अपुरी पडते.

१९५० मध्ये फ्रेंच अन्नपूर्णा मोहिमेचे ते सरदार होते. नेते मॉरिस एर्झोग यांनी त्यांना शिखरापर्यंत येण्याविषयी विचारले. पाय गारठू लागल्याने त्यांनी नकार दिला. ३ जून रोजी एर्झोग व लुई लाशनाल ८,०९१ मीटर उंचीच्या शिखरावर पोहोचले. हा नकार जगाला ठाऊक झाला तो प्रामुख्याने एर्झोग यांच्या ग्रंथामुळे.

येथे एक साम्य लक्षणीय ठरते. हिमदंशाने बोटे गमावलेल्या एर्झोग यांनी आपला ग्रंथ रुग्णालयात तोंडी सांगून लिहवून घेतला. अक्षरओळख नसलेल्या आंग थार्के यांनीही आपली कथा तोंडीच सांगितली. बेसिल नॉर्टन यांनी ती शब्दबद्ध केली आणि १९५४ मध्ये ती पॅरिसला फ्रेंच अनुवादात प्रसिद्ध झाली. इंग्रजी आवृत्ती २०१६ मध्ये आली, तीही फ्रेंचवरून. तोवर आंग थार्के यांच्या निधनाला (१९८१) पस्तीस वर्षे लोटली होती.

दोन्ही ग्रंथ मुळात मौखिक असूनही एर्झोग निःशंकपणे 'लेखक' ठरतात, तर आंग थार्के यांच्याकडे 'निवेदक' म्हणून पाहिले जाते. हा भेद लेखणी कोणाच्या हाती होती यावरून पडलेला नाही. एर्झोग यांना आपले छापील शब्द वाचून दुरुस्त करता येत होते. आंग थार्के यांना ती संधी नव्हती. म्हणून त्यांच्या आत्मकथनाचा अभ्यास करताना त्यातील प्रत्येक 'मी' हा किती भाषांतून गाळून आला आहे, हे आधी तपासावे लागते. मात्र हा 'मी' संदिग्ध आहे म्हणून तो बाजूस सारणे म्हणजे, ज्यांच्या खांद्यांवरून हा इतिहास वर चढला, त्यांना पुन्हा एकदा परक्या ग्रंथांच्या तळटीपांत धाडणे होय.