पुण्यातील परगावचा विद्यार्थी : वारापासून स्मार्टफोनपर्यंत

विद्यार्थ्यांचे एकाकीपण स्मार्टफोनने निर्माण केले, हा समज इतिहासाला धरून नाही. १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय निघाले, त्या काळीही घर सोडून पुण्यास आलेला मुलगा एकटाच असे. बदलत गेली ती त्या एकटेपणाची सोबत. आणि तिचा माग शहरात रूढ झालेल्या शब्दांतून काढता येतो.

‘वार लावून जेवणे’ आणि ‘माधुकरी’ हे यांतील जुने शब्द होत. आठवड्याचा एकेक वार एकेका घरी जेवावयाचे, अथवा घरोघर फिरून शिजलेले अन्न मागून आणावयाचे, अशी ही रीत. १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातील मुलेही आरंभी माधुकरीवर शिकत. या रीतीत मिंधेपणा होता, आणि ती मुख्यत्वे ब्राह्मण मुलग्यांपुरतीच होती, हे विसरून चालणार नाही. तथापि वाराचा मुलगा जेवावयास आला नाही, तर निदान एका घरात त्याची उणीव भासे.

१९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले. १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांसाठी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. अशा वसतिगृहांत मिंधेपणा सरला. पंगत मात्र राहिली.

पुढे ‘कॉट बेसिस’ हा शब्द पुण्याच्या पाट्यांवर आला. येथे भाड्याने मिळते ती खोली नव्हे, केवळ खाट. शेजारच्या खाटेवर कोण निजतो, हे ठाऊक असण्याची गरज या व्यवहारात नाही. याच खाटेवर स्मार्टफोन पोहोचला. २०१६ साली जिओची सेवा सुरू झाल्यावर इंटरनेट स्वस्त झाले. २०२० च्या टाळेबंदीत वर्गही फोनवरच भरू लागला. आता जेवणदेखील फोनवरून मागविता येते. पूर्वी भूक तरी विद्यार्थ्यास माणसांत नेत असे.

यास सर्रास ‘व्यसन’ म्हटले जाते. २०२२ साली अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत खेळांच्या अनावर आसक्तीची नोंद आहे, स्मार्टफोनच्या व्यसनाची स्वतंत्र नोंद नाही. संस्कृतात मात्र ‘व्यसन’ या शब्दाचा अर्थ वाईट सवय असा आहे, तसाच संकट असाही आहे. मराठीने पहिला अर्थ ठेवला आणि दुसरा सोडला. विद्यार्थ्याच्या हातातील फोनकडे पाहताना हा सुटलेला अर्थ ध्यानी घेणे अगत्याचे आहे. माधुकरी परत यावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु एखादा विद्यार्थी चार दिवस दिसला नाही, तर त्याची उणीव आज कोणास भासते, हा प्रश्न प्रत्येक विभागाने स्वतःस विचारावयास हवा.