पासवर्ड रीसेट करताना डेटाबेसची चूक आली तर



गणेशोत्सवाची नोंदणी सुरू झाली की सभासद बऱ्याच दिवसांनी लॉगिन करतात आणि 'पासवर्ड विसरलो'वर टिचकी मारतात. वर्डप्रेसवर चालणाऱ्या संकेतस्थळावर अशा वेळी कधीकधी 'रीसेट की डेटाबेसमध्ये साठवता आली नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. जी मंडळे आपले संकेतस्थळ स्वतः सांभाळतात, त्यांच्या उपयोगासाठी ही माहिती देत आहोत.

नेमके काय होते?
वर्डप्रेस आधी एक गुप्त किल्ली तयार करते, तिचे सांकेतिक रूप युजर्स टेबलातल्या 'युजर_अ‍ॅक्टिव्हेशन_की' या रकान्यात लिहिते आणि मगच दुव्याची ईमेल पाठवते. हा दुवा २४ तास चालतो. किल्ली लिहिलीच गेली नाही, तर ईमेल निघतच नाही. म्हणून हा संदेश दिसल्यावर सभासदांना स्पॅम फोल्डर शोधायला लावू नये.

काय तपासावे?
सर्वप्रथम डेटाबेसचा बॅकअप घ्यावा. मग पीएचपीमायअ‍ॅडमिन उघडून या क्रमाने पाहावे:

१. जागा: होस्टिंगची जागा संपली आहे का? काही कंपन्या मर्यादा ओलांडल्यावर डेटाबेसमध्ये लिहिण्याची परवानगी काढून घेतात. जुने फोटो, जुने बॅकअप हलवून जागा मोकळी करावी.

२. टेबल: युजर्स टेबल 'क्रॅश्ड' दिसते का? ते मायआयसॅम प्रकारचे असेल, तर 'रिपेअर टेबल' चालवावे. इनोडीबीला ही सोय नाही; तिथे होस्टिंगच्या मदतकक्षाला कळवावे.

३. रकाना: तो आहे का, आणि पुरेसा रुंद आहे का? जुन्या संकेतस्थळांवर तो ६० अक्षरांचा असे, आता २५५ चा असतो. पासवर्ड सुरक्षेचे वेगळे प्लगइन बसवले असेल, तर लांब किल्ली ६० अक्षरांत मावत नाही. रकाना व्हारकॅर २५५ करावा. त्या वेळी 'युजर_रजिस्टर्ड'ची डीफॉल्ट तारीख अमान्य असल्याची तक्रार आली, तर ती मायएसक्यूएलच्या कडक नियमांमुळे आहे. मदतकक्षाला ती जशीच्या तशी कळवावी.

हे टाळावे
नोंदणीची घाई आहे म्हणून सर्वांना एकच पासवर्ड देऊ नये, आणि कोणाचाही पासवर्ड ईमेलवर मागू नये. बॅकअपच्या फाईलमध्ये सर्व सभासदांची नावे व ईमेल पत्ते असतात. ती कार्यकारिणीत सर्वांना फिरवू नये.

एक विनंती: कार्यकारिणी बदलताना हिशेबाच्या वह्यांबरोबर होस्टिंग आणि डेटाबेसची माहितीही नव्या मंडळींकडे अवश्य सोपवावी. ती हाताशी नसेल, तर वरचे काहीच करता येत नाही.