प्रभूसाठी मार्ग : महाडच्या तळ्याकाठी पश्चात्तापाचे चिंतन

महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री नदी पोलादपूरच्या डोंगरांतून वाट काढीत महाडला येते. कशेडी आणि आंबेनळी घाटांची वळणे पाहिलेल्यांना वाट सरळ करणे किती कष्टाचे असते, हे सांगावे लागत नाही. संत लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय ३) योहान बाप्तिस्ताचे कार्य सांगताना यशया संदेष्ट्याची हीच प्रतिमा येते : प्रभूसाठी दऱ्या भराव्यात, डोंगर सखल व्हावेत, वाकड्या वाटा सरळ व्हाव्यात. हा मार्ग अंतःकरणात तयार करावयाचा असतो आणि त्याचा आरंभ पश्चात्तापाने होतो.

पश्चात्ताप म्हणजे केवळ हळहळ नव्हे. नव्या करारातील 'मेतानोया' या ग्रीक शब्दाचा अर्थ मनाचे परिवर्तन असा आहे. आम्ही काय करावे, असे लोकांनी विचारले तेव्हा योहानाने त्यांना कृती सांगितली. दोन अंगरखे असणाऱ्याने एक द्यावा, जकातदाराने ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नये, शिपायाने कोणास लुबाडू नये.

मन न पालटता केलेला ठराव किती दुबळा असतो, हे महाडच्या इतिहासात दिसते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले; पण प्रत्यक्षात तेथे कोणास पाणी भरता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी ते पाणी प्याले, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांना मारहाण झाली. पुढे पंचगव्याने तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. पाणी शुद्ध करू पाहणाऱ्यांनी आपल्या अंतःकरणाकडे पाहिले नाही. तळ्यावरील हक्कास मुंबई उच्च न्यायालयाची मान्यता मिळण्यास १९३७ साल उजाडले.

त्याच महाडात अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस आणि गंगाधर सहस्रबुद्धे हे सवर्ण समाजात जन्मलेले कार्यकर्ते स्वजनांचा रोष पत्करून सत्याग्रहींच्या बाजूने उभे राहिले. परिवर्तनाची किंमत मोजावी लागते, हे त्यांच्या उदाहरणातून दिसते.

हा इतिहास आपण परक्याचा दोष म्हणून वाचू नये. भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध करताना ख्रिस्तसभेतही जातिभेद असल्याचे मान्य केले. स्नानसंस्काराच्या एकाच पाण्याने नवजीवन लाभलेल्यांमध्ये असा भेद राहणे ही गंभीर बाब आहे.

म्हणून समेटाच्या संस्काराची तयारी करताना ख्रिस्तसभा तीन गोष्टी सांगते : पापाबद्दल मनःपूर्वक दुःख, धर्मगुरूंसमोर पापनिवेदन आणि झालेल्या हानीची भरपाई. तिसरी गोष्ट आपण बहुधा विसरतो. जक्कयने मात्र फसवणुकीने घेतलेले चौपट परत करण्याचे वचन दिले.

तेव्हा विवेकबुद्धीची तपासणी करताना आपण स्वतःला साधे प्रश्न विचारू या. घरकामास येणाऱ्या भगिनीचा पेला आपण वेगळा ठेवतो काय? मजुराची मजुरी अडवून ठेवली आहे काय? भावाशी तुटलेले बोलणे पुन्हा सुरू करण्यास आपण पुढाकार घेतला काय? उत्तर टोचत असेल, तर तेथूनच प्रभूचा मार्ग सरळ करावयाचा आहे.