मानव्यविद्यांतील पीएच.डी. : विषय जवळचा, साधने दूरची

एम.ए.नंतर काय, या प्रश्नाला कला शाखेतील विद्यार्थ्याला मिळणारे सर्वांत सोपे उत्तर म्हणजे पीएच.डी. पदवीचे आकर्षण मोठे आहे. पण तिच्यासाठी आयुष्यातील उमेदीची किती वर्षे द्यावी लागतात आणि ती कशाच्या आधारावर द्यावीत, याचा विचार नोंदणीपूर्वी क्वचितच होतो. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील कडा हे गाव उदाहरणादाखल घेतले, तर या वाटचालीतील अडचणी आणि शक्यता दोन्ही नीट दिसतात.

अहिल्यानगर-बीड रस्त्यावरील कडा येथे आनंदराव धोंडे ऊर्फ बाबाजी महाविद्यालय आहे. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहे. हे विद्यापीठ १९५८ मध्ये स्थापन झाले व १९९४ मध्ये त्याचा नामविस्तार झाला. कड्याहून छत्रपती संभाजीनगरपेक्षा अहिल्यानगर बरेच जवळ आहे आणि तेथील महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतात. त्यामुळे येथील विद्यार्थ्यापुढे दोन विद्यापीठांचे पर्याय असतात. संशोधन केंद्राची मान्यता विषयवार दिली जाते. म्हणून महाविद्यालयाचे नाव पाहून नव्हे, तर आपल्या विषयाचे केंद्र कोठे आहे हे पाहून निर्णय घ्यावा.

प्रवेशाचे नियम

विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये बदलले. त्यानुसार पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण आवश्यक आहेत. चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना ७५ टक्के गुणांवर थेट अर्ज करता येतो. राखीव प्रवर्ग, दिव्यांग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना पाच टक्के सवलत आहे. प्रवेश परीक्षेला ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के महत्त्व असते. जून २०२४ पासून ‘नेट’चे गुणही प्रवेशासाठी ग्राह्य धरले जातात. एम.फिल. मात्र या नियमांनी बंद झाले.

कालावधी किमान तीन व कमाल सहा वर्षांचा असून, पुनर्नोंदणीने तो आणखी दोन वर्षे वाढतो. महिलांना व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना जादा दोन वर्षे मिळतात. महिलांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही घेता येते. आरंभी किमान १२ श्रेयांकांचे कोर्स वर्क पूर्ण करावे लागते. नोकरी सांभाळून अर्धवेळ संशोधनाचीही मुभा आहे. त्यासाठी नियोक्त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते.

मार्गदर्शकाची निवड

एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्या अध्यापकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. त्यामुळे जागा मर्यादित असतात आणि रिकामी जागा पाहून विषय ठरवण्याचा मोह होतो. तो टाळावा. मार्गदर्शकाने याआधी काय लिहिले आहे, ते वाचल्याशिवाय त्याच्याकडे जाऊ नये.

विषय कोठून येतो?

ग्रामीण भागातील विद्यार्थ्याला आपल्याकडे काही नाही असे वाटत असते. वस्तुस्थिती उलट आहे. ‘योगसंग्राम’कार शेख महंमद यांचे मूळ गाव मानले जाणारे वाहिरे आष्टी तालुक्यातच आहे. नाथ संप्रदायातील मच्छिंद्रनाथांची समाधी म्हणून प्रसिद्ध असलेले मायंबा, सावरगाव हेही याच तालुक्यात. शेजारच्या जामखेड तालुक्यातील खर्डा येथे ११ मार्च १७९५ रोजी मराठे व निजाम यांच्यात लढाई झाली. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडणारे मजूर, मुकादमाची उचल, नवरा-बायकोची जोडी मोजणारा ‘कोयता’ हा शब्द, हे तर समाजशास्त्र आणि भाषाभ्यास या दोहोंचे विषय आहेत.

अडचण विषयाची नाही, साधनांची आहे. शेख महंमदांवर लिहायचे तर हस्तलिखिते वाचता यावीत. खर्ड्यावर लिहायचे तर पेशव्यांच्या बाजूची मोडीतील कागदपत्रे पुण्याच्या पुराभिलेखागारात व भारत इतिहास संशोधक मंडळात पाहावी लागतील, तर निजामाच्या बाजूसाठी फारसी लागेल. हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील कारभाराची भाषा आधी फारसी, पुढे उर्दू होती. त्यामुळे त्या काळाच्या अभ्यासकाला हैदराबादच्या अभिलेखागाराचीही वाट धरावी लागते. अहिल्यानगरचे ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय त्यातल्या त्यात जवळचे. ऊसतोड मजुरांवर काम करणाऱ्याने गावे रिकामी असतानाच्या महिन्यांत प्रश्नावली वाटण्याचे ठरवले, तर त्याला घरी म्हातारी माणसेच भेटतील. त्याला फडावर जावे लागेल.

म्हणून आराखडा लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. साधने कोठे आहेत? ती वाचण्याची भाषा व लिपी मला येते का, नसल्यास पहिल्या वर्षात शिकता येईल का? तेथे जाण्या-राहण्याचा खर्च कोण करणार? पूर्वी झालेले प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. आपल्या विषयावर काम झाले आहे का, हे तेथे आधी पाहावे. त्याच त्या मजकुराची उचलाउचल टाळण्याचाही तोच मार्ग आहे.

खर्च आणि भवितव्य

कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती (जेआरएफ) मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरांनुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार व नंतर ४२ हजार रुपये मिळतात. तिची वयोमर्यादा ३० वर्षे असून महिला व राखीव प्रवर्गांना सवलत आहे. याशिवाय बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती त्या त्या समाजघटकांसाठी आहेत. वृत्तीविना पूर्णवेळ संशोधन सामान्य शेतकरी कुटुंबाला पेलणारे नसते, हे नोंदणीआधीच लक्षात घ्यावे.

नोकरीविषयीही भ्रम नसावा. सहायक प्राध्यापकपदासाठी जुलै २०२३ पासून नेट वा सेट ही किमान पात्रता असून, पीएच.डी. ऐच्छिक आहे. पुढील बढतीसाठी ती लागते. पण पदवी हाती आली म्हणजे जागा मिळाली, असे समीकरण राहिलेले नाही. केवळ जागेसाठी सहा वर्षे देणारा निराश होण्याची शक्यता अधिक. ज्याला वाहिऱ्याचा संत, खर्ड्याचे रण किंवा फडावरची बोली याविषयी खरोखर काही जाणून घ्यायचे आहे, त्याने मात्र जरूर नोंदणी करावी. या भागाविषयी लिहायचे पुष्कळ बाकी आहे आणि ते लिहिण्यास येथील माणसाइतका योग्य माणूस दुसरा नाही. त्याने आधी मोडी शिकायला घ्यावी, एवढेच.