रिकाम्या पेट्या

अलीकडे सुशिक्षित कुटुंबांच्या दिवाणखान्यात जुन्या लाकडी पेट्या मांडण्याची हौस वाढली आहे. पितळी पट्ट्यांचा एखादा पेटारा पाहुण्यांच्या बैठकीपुढे मेजाचे काम करतो. आजेसासूबाईंची फणेरपेटी काचेच्या कपाटात विराजमान होते. आणि ज्या कलमदानाशी बसून कोणा कारकुनाने उभा जन्म मोडी खरडली, त्यात आता मोटारीच्या किल्ल्या विसावतात. ही हौस वाईट, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. मागच्या पिढीने जे माळ्यावर टाकले ते या पिढीने खाली उतरवून पुसून ठेवले, याचा आनंदच मानला पाहिजे. परंतु यांपैकी जी पेटी सातारा-सांगलीकडील एखाद्या वाड्यातून आलेली असेल, तिच्यापाशी क्षणभर थांबून ती रिकामी कशी झाली, हा प्रश्न विचारणे अवश्य आहे.

पेशवाईत सरदार, फडणीस, सावकार, देशमुख यांच्या घरी कागद ठेवण्याची रीत ठरलेली असे. पत्रांची पुडकी बांधावयाची, ती कापडी रुमालात गुंडाळून वर गाठ मारावयाची, आणि असे रुमाल पेटीत किंवा पेटाऱ्यात भरावयाचे. ओल, उंदीर आणि वाळवी या तीन शत्रूंशी लाकडाचे जाड कवच जितके लढू शके तितके लढे. वाईजवळ कृष्णाकाठी मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा आहे. नाना १८०० साली वारले, राज्य १८१८ साली गेले, परंतु मेणवलीचे दप्तर मागे राहिले, आणि पुढे शंभर वर्षांनी इतिहासकारांच्या हाती आले. नानांच्या बुद्धीचे आपण पुष्कळ कौतुक करतो. त्या कागदांना इतकी वर्षे तगवून धरणाऱ्या अनाम सुताराचे कोणी करीत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रांतातील पेट्या उघडू लागल्या. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे यांना पटवर्धनांचे दप्तर पाहावयास मिळाले, आणि १८९७ पासून त्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ निघू लागला. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९८ साली, वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्याला आधार वाईस मिळालेल्या पत्रांचा. साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी आयुष्यभर कागद, चित्रे व जुन्या वस्तू जमविल्या. त्यांच्या संग्रहासाठी १९२५ साली साताऱ्यात संग्रहालय उघडले, आणि दुसऱ्याच वर्षी ते निवर्तले. तो संग्रह १९३९ साली पुण्यास डेक्कन कॉलेजात गेला. साताऱ्याच्या अभिमानी माणसास हे खुपते, हे आम्ही जाणतो. पण कागद जगले, हे त्याहून मोठे.

या मंडळींचे लक्ष कागदावर होते आणि पेटी त्यांना केवळ टरफल वाटे. रुमाल गेले, पेटी वाड्यातच राहिली. तीत पुढे पापड-कुरडया, लग्नातली भांडी किंवा मुलांची जुनी पुस्तके पडली. आज नेमका उलटा व्यवहार चालू आहे. व्यापारी पेटीसाठी येतो, आतले कागद अंगणात झटकतो आणि ते वजनावर रद्दीत जातात. घरातही त्यांचे मोल सांगणारा कोणी उरलेला नसतो, कारण स्वातंत्र्यानंतर शाळांतून मोडी उठली आणि नातवाला आजोबांची अक्षरे परकी झाली. शिवाय १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर या भागात जी जाळपोळ झाली, तीत घरांबरोबर किती पेट्या जळाल्या याचा हिशेब लागणे नाही. मागोमाग कूळकायदा आला. जमिनी गेल्या, माणसे पुण्या-मुंबईस गेली, वाड्यांना कुलपे लागली. २००५ व २०१९ साली कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा तळमजल्यावरचे जे होते तेही भिजले.

म्हणून आता पेटी हीच साधन मानून वाचावयास शिकले पाहिजे. सागाची किंवा शिसवीची, कोपरे एकमेकांत दातांनी गुंतवलेली, लोहाराच्या हातचे ओबडधोबड खिळे मारलेली पेटी आपला काळ पुष्कळ अंशी स्वतःच सांगते. यंत्राच्या करवतीचे सारखे ओरखडे दिसले तर वय कमी धरावे. आतल्या बाजूस चोरकप्पा आहे काय, हे चाचपून पाहावे. फणेरपेटीच्या कप्प्यात मेणाचे पूट आणि कुंकवाची लाली उरलेली असते. कारण कपाळावर आधी मेण, मग कुंकू, अशी रीत होती. कलमदानात शाईचे डाग आणि ओली अक्षरे टिपण्याच्या वाळूचे कण सापडतात. कापडांच्या पेटीला कधी वेखंडाचा वास येतो, तर कधी कापराचा. चीनकडून मुंबईस येणाऱ्या कापुरी लाकडाच्या पेट्या श्रीमंतांच्या घरी असत. पुढे पत्र्याची ट्रंक आली, हलकी व स्वस्त, आणि सुताराचा धंदा बसला. आपल्याकडे पितळ दिसले की चिंच लावण्याचा हात आवरत नाही! त्या चिंचेने आणि वर मारलेल्या चकचकीत पॉलिशने ही सारी अक्षरे एका दुपारी पुसली जातात.

अशा किरकोळ वस्तूंचे महत्त्व ओळखणारा पुरुष आपल्यात झाला नाही असे नाही. दिनकर केळकर यांनी करंडे, अडकित्ते, कुलुपे, दिवे जमवून पुण्यास सामान्य घरांच्या इतिहासाचे संग्रहालय उभे केले आणि आपल्या अकाली गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्याला दिले. साताऱ्याच्या बाजूस औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली आपला संग्रह लोकांसाठी खुला केला. पण त्यांची दृष्टी चित्रकाराची, म्हणून तेथे चित्रे व शिल्पे यांना मान अधिक. आम्हांस विचाराल तर घराच्या इतिहासाला केळकरांचीच वाट उपयोगी पडते.

पेटी विकत घेणाऱ्याने तिचे गाव विचारावे, आणि शक्य तर वाड्याचे नावही. मग ते एका चिठ्ठीवर लिहून झाकणाच्या आत ठेवावे. गावाविना पेटी म्हणजे नुसते लाकूड. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खाजगी माणसास परदेशी नेता येत नाही, आणि ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितास तर ७५ वर्षेच पुरतात; नातेवाइकांना भेट म्हणून अमेरिकेस पेटारे धाडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. आत कागद निघाले तर ते झटकू नयेत. ओले असतील तर उन्हात न टाकता सावलीत, वाऱ्यावर सुकवावेत, आणि मोडी वाचता येत नसेल तर पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून त्याच कामासाठी उभे आहे. पेटी पुरती रिकामी दिसली तरी तिच्या तळाला अस्तर म्हणून चिकटविलेला कागद पाहिल्यावाचून सुताराला रंधा लावू देऊ नये. तो कागदही कोणाच्या तरी दप्तरातला असू शकतो.