याद्या वगळून वाचलेले प्रेम

उच्चनीच वर्गांतल्या प्रेमावरच्या इटालियन ऐतिहासिक कादंबऱ्यांविषयी एक समज फार रुळलेला आहे. सरदारघराण्यातला तरुण आणि खालच्या घरातली मुलगी एकमेकांवर जीव लावतात, घराणी आड येतात, अखेर प्रेम जिंकते आणि वर्गाची भिंत ढासळते. जुने वाडे, झुंबरे, इटलीच्या एकीकरणासाठी लढणारे गारिबाल्दीचे लाल सदऱ्यातले सैनिक ही सगळी त्या प्रेमाची नेपथ्यरचना. २०२५ साली ‘इल गात्तोपार्दो’ या कादंबरीवर सहा भागांची मालिका आली, तेव्हा तांक्रेदी आणि आंजेलिका ही जोडी पुन्हा याच नजरेने पाहिली गेली. या साहित्यप्रकाराला नाके मुरडणारे समीक्षकही मुळात हेच गृहीत धरतात. प्रेमाने वर्ग विरघळतो असे या कादंबऱ्या सांगतात, म्हणून त्या भाबड्या, असा त्यांचा आक्षेप. चाहते आणि टीकाकार दोघेही एकाच चुकीच्या वाचनावर उभे आहेत.

या परंपरेतल्या ज्या कादंबऱ्या टिकल्या, त्यांत प्रेमाने वर्ग मोडल्याचे एकही उदाहरण मला दिसत नाही. तिथे प्रेमविवाहाने खचलेले घराणे सावरते किंवा नवा पैसा मानमरातब विकत घेतो, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा एखादी स्त्री मोजते. लेखकांनी हे झाकलेले नाही. त्यांनी ते हिशेबासकट लिहिले आहे.

पूर्वपक्षाची बळकट बाजू आधी मान्य करू. इटलीत चर्चचा कायदा तत्त्वतः प्रेमिकांच्या बाजूचा होता. विवाह ठरतो तो वधूवरांच्या संमतीने, आईबापांच्या परवानगीने नव्हे, ही चर्चची जुनी भूमिका. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने गुप्त विवाहांना आळा घातला. स्थानिक धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार हजर असलेच पाहिजेत असे ठरवले. पण आईबापांची संमती नाही म्हणून विवाह रद्द ठरवायला तिने नकार दिला. म्हणजे कागदावर शिंप्याची मुलगीही सरदाराची धर्मपत्नी होऊ शकत होती.

कागदावरच. १४५५ मध्ये फ्लॉरेन्समध्ये लुझान्ना नावाच्या एका कारागिराच्या मुलीने जोव्हान्नी देल्ला काझा या श्रीमंत घराण्यातल्या पुरुषाविरुद्ध धर्मपीठाकडे दाद मागितली. आपले लग्न गुप्तपणे झाले आहे, आणि आता तो रुचेल्लाई घराण्यातल्या मुलीला बायको करून घेतो आहे, ही तिची तक्रार. आर्चबिशप आंतोनिनो यांनी निकाल तिच्या बाजूने दिला. जोव्हान्नीने रोममध्ये अपील केले आणि तो निकाल फिरवण्यात आला. अमेरिकन इतिहासकार जीन ब्रुकर यांनी १९८६ साली या खटल्यावर एक छोटे, अप्रतिम पुस्तक लिहिले. प्रेमकथा म्हणून कोणत्याही कादंबरीच्या तोंडात मारील असे. ज्या शहरात हा खटला उभा राहिला, त्याच शहराने १४२५ मध्ये मुलींच्या हुंड्यासाठी सरकारी ठेवयोजना काढली होती. बापाने मुलीच्या लहानपणी रक्कम ठेवायची, लग्न झाले की ती वाढून जावयाला मिळायची. हुंडा हाच जिथे राज्याच्या अर्थव्यवहाराचा भाग झाला, तिथे प्रेम आणि मालमत्ता वेगळी करायची कशी?

आता मुख्य साक्षीदार. जुझेप्पे तोमाझी दि लाम्पेदूझा यांची ‘इल गात्तोपार्दो’ लेखकाच्या मृत्यूनंतर, १९५८ साली प्रसिद्ध झाली. कथा सुरू होते मे १८६० मध्ये, गारिबाल्दी सिसिलीत उतरला तेव्हा. प्रिन्स दोन फाब्रित्सियोचा भाचा तांक्रेदी देखणा, हुशार आणि कफल्लक. त्याच्या बापाने सारी मालमत्ता उडवलेली. आंजेलिका ही दोन्नाफुगाताचा मेयर कालोजेरो सेदारा याची मुलगी. हा माणूस जमिनी गिळत वर आलेला. तांक्रेदी आंजेलिकेला मागणी घालण्यासाठी मामाला पत्र लिहितो, आणि त्यात एक युक्तिवाद करतो: अशा सोयरिकींनी जुन्या घराण्यांत नवे रक्त येते, वर्गांमधले अंतर मिटते, आणि देशात चाललेल्या चळवळीचा हेतूही तोच आहे.

हे नीट पाहावे. ज्या मताचे आपण खंडन करतो आहोत, ते मत लाम्पेदूझाने स्वतः कादंबरीत घातले आहे, आणि घातले आहे पैशाची निकड असलेल्या वराच्या लेखणीत. वर्गभेद मिटल्याची भाषा इथे मागणी पुढे रेटण्यासाठी वापरली जाते. वाचक ती लेखकाचे मत म्हणून उचलतात, याचे मला खरोखर वाईट वाटते.

त्याच प्रकरणात बैठक होते. लग्नाची बैठक आणि देण्याघेण्याच्या याद्या म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच ही पाने आपल्याला इतर कुणाहीपेक्षा अधिक कळायला हवीत. सेदारा मुलीसोबत काय देणार ते मोजून सांगतो: १,६८० हेक्टर जमीन, द्राक्षमळे, ऑलिव्हच्या बागा, आणि वर रोकड. मग हळूच सुचवतो की आपलेही घराणे तसे खानदानीच आहे, कागदपत्रे तेवढी मिळायची आहेत. आंजेलिकेची आई मात्र चारचौघांत आणण्याजोगी नाही म्हणून घरातच ठेवलेली. प्रिन्सचा शिकारीतला सोबती दोन चिच्चो या सोयरिकीवर भडकतो, तर बातमी फुटू नये म्हणून बोलणी संपेपर्यंत त्याला खोलीत कोंडून ठेवले जाते. हाच दोन चिच्चो एकसंध इटलीत सामील होण्याविषयीच्या सार्वमतात ‘नाही’ असे मत देऊन आलेला असतो, आणि सेदाराने जाहीर केलेल्या निकालात ‘नाही’च्या बाजूला शून्य मते असतात. मतपेटी आणि हुंडा एकाच माणसाच्या हातात, एकाच प्रकरणात आणून ठेवणाऱ्या लेखकाला भाबडा म्हणणे हा अन्याय आहे.

मग त्यांचे प्रेम खोटे का? मुळीच नाही. प्रिन्सच्या वाड्यातल्या ओसाड दालनांतून हे दोघे एकमेकांचा पाठलाग करत हिंडतात ती पाने इटालियन गद्यातल्या सर्वांत उत्कट पानांपैकी आहेत. पण तिथेच निवेदक पुढचे सांगून टाकतो: हे लग्न पुढे फसले, शय्येवरसुद्धा फसले. आणि प्रिन्सची मुलगी कोन्चेत्ता, जिचे तांक्रेदीवर प्रेम होते आणि जिच्याजवळ त्याच्या महत्त्वाकांक्षेला पुरेल एवढा हुंडा नव्हता, ती अविवाहित म्हातारी होऊन शेवटच्या प्रकरणात भेटते. दिग्दर्शक व्हिस्कोंतीच्या, याच कादंबरीवरच्या १९६३ च्या चित्रपटातले नृत्य सर्वांच्या लक्षात राहिले. या म्हातारीचे प्रकरण त्या चित्रपटात नाही.

व्हेर्गाच्या ‘मास्त्रो-दोन जेझुआल्दो’ (१८८९) मध्ये तर शोभेचा पडदाही नाही. बियांका त्राओ ही खानदानी पण निष्कांचन मुलगी. तिला दिवस जातात ते चुलतभाऊ बॅरन रुबिएराकडून, पण त्याची आई हुंड्यावाचून सून करून घ्यायला तयार नाही. तेव्हा गवंडीकामातून श्रीमंत झालेला जेझुआल्दो तिला पत्करतो. पुढे मुलगी इझाबेल्ला गरीब नातेवाइकावर जीव लावते, तर हाच जेझुआल्दो तिला ड्यूकच्या गळ्यात बांधतो. जावई कष्टाची कमाई उडवतो, आणि सासरा जावयाच्या महालात नोकरांची हेटाळणी सोसत मरतो.

‘मांझोनीचे काय?’ असा प्रश्न येईल. ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’तले रेन्झो आणि लुचिया दोघेही रेशीमकामगार, त्यांच्यात वर्गांतर नाही. बरोबर. पण वर्गांतर ओलांडून लुचियेपर्यंत पोहोचणारा माणूस त्या कादंबरीत आहे, सरदार दोन रोद्रिगो, आणि त्याची आसक्ती ही चुलतभावाशी लावलेली पैज आहे. १६२८ च्या लोम्बार्दीत वरून खाली येणारे ‘प्रेम’ कसे दिसत असे, ते मांझोनीने असे दाखवले. शेवटी रोद्रिगोचा वारस असलेला सज्जन मार्क्विस लग्नाच्या पंगतीत या दोघांना स्वतः वाढतो, आणि जेवायला मात्र वेगळ्या खोलीत बसतो. मांझोनी नोंदवतो की त्यांच्या खाली उभे राहण्याइतकी नम्रता त्याच्यात होती, त्यांच्या बरोबरीने बसण्याइतकी नव्हती.

मराठीत या कादंबऱ्यांवर लिहिणाऱ्यांना आणि त्यांची भाषांतरे करू पाहणाऱ्यांना माझी विनंती आहे: संक्षेप करताना वाटाघाटीची पाने कापू नका, कथेचा कणा तिथे आहे. हुंडा ठरवण्याची मुभा इटलीच्या कायद्यातून गेली ती १९७५ साली; ‘इल गात्तोपार्दो’ तोवर सतरा वर्षे वाचली जात होती.