नौकेच्या प्रतिकृतीची काच

नौकेची लहान प्रतिकृती करणाऱ्या कारागिराला लाकूड सहसा दगा देत नाही. दहापट लहान नौकेला दहापट पातळ फळी तासली की झाले. पितळेच्या तारेचे कठडे होतात, सुताच्या बारीक पिळाचे दोर होतात. त्याची खरी परीक्षा होते ती काचेपाशी. मूळ नौकेची सहा मिलिमीटर जाडीची काच एकदशांश प्रमाणात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड हवी. आणि इतकी पातळ काच वळवणे, कापणे आणि न फोडता बसवणे हे घरच्या कामट्याचे काम नव्हे. जाड काच बसवावी, तर तिची कड डोळ्यांत भरते आणि सारी नौका खेळणे वाटू लागते. म्हणून गेली तीनशे वर्षे हे कारागीर काचेच्या जागी दुसरे काहीतरी शोधत आले आहेत.

त्यांतले पहिले अभ्रक. आपल्याकडे अभ्रक म्हटले की वैद्यांचे भस्म आठवते, नाहीतर कोडरमाच्या खाणी. पण सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडात आरमारी जहाजांच्या ज्या देखण्या प्रतिकृती होऊ लागल्या, त्यांच्या मागच्या बाजूच्या चिमुकल्या खिडक्यांत अनेकदा हेच अभ्रक बसवलेले आढळते. या प्रतिकृतींना ‘नेव्ही बोर्ड’ प्रतिकृती म्हणतात. चार फुटांना एक इंच, म्हणजे १:४८ हे त्यांचे नेहमीचे प्रमाण. ग्रीनिच आणि अ‍ॅनापोलिस येथील संग्रहांत त्या पाहावयास मिळतात. अभ्रकाचे थर हवे तितके पातळ सुटतात. ते जळत नाही, कुजत नाही. मात्र त्याला एकच खोड आहे. ते सपाट राहू इच्छिते. फार वाकवले की थर सुटतात, कडा फुटतात.

शिडाच्या जहाजांच्या सपाट खिडक्यांना हे चालून गेले. पुढे विसाव्या शतकात पेट्रोलवर चालणाऱ्या वेगवान नौका आल्या, आणि चालवणाऱ्याच्या तोंडावर वारा व तुषार येऊ नयेत म्हणून समोर काच आली. अमेरिकेतील ख्रिस-क्राफ्टच्या जुन्या नौकांवर अनेकदा दोन सपाट तावदाने मधोमध टोकदार कोनात जोडलेली असत. पण नौकाबांधणीची आवड हळूहळू वळणांकडे गेली. इटलीत इझेओ सरोवराकाठी सार्निको येथे कार्लो रिवा यांनी १९६२ साली ‘अ‍ॅक्वारामा’ पुढे आणली. तिची काच चालकाला दोन्ही बाजूंनी कवेत घेते. त्या काळी रुंद पडद्याच्या ‘सिनेरामा’ चित्रपटांचा बोलबाला होता. त्यावरूनच नौकेला हे नाव मिळाले. ज्या नौकेचे नावच तिच्या काचेवरून पडले, तिची प्रतिकृती काचेवाचून कशी पुरी व्हावी?

वळणारा पारदर्शक पदार्थ तोवर मिळाला होता, पण तो भरवशाचा नव्हता. अलेक्झांडर पार्क्स यांनी १८६२ च्या लंडन प्रदर्शनात मांडलेला आणि पुढे अमेरिकेत हायट यांनी कापराच्या साहाय्याने सुधारलेला तो पदार्थ म्हणजे सेल्युलॉइड. पातळ, लवचिक आणि आरंभी अगदी नितळ. मग तो पिवळा पडतो, आक्रसतो, तडकतो. त्यातून निघणाऱ्या आम्ल वाफा शेजारचे पितळही खातात. शिवाय तो भडकन पेट घेतो. चित्रपटांच्या जुन्या फिती याच जातीच्या. २००३ साली पुण्यात अशा फितींच्या साठ्याला लागलेल्या आगीत आपल्या चित्रपटांचा मोठा ठेवा नाहीसा झाला. त्याच्या जागी आलेले सेल्युलोज अ‍ॅसिटेट सहजी पेटत नाही; पण तेही कालांतराने विटते आणि व्हिनेगरचा आंबूस वास सोडू लागते. खरा दिलासा मिळाला तो अ‍ॅक्रिलिकने. १९३० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंड आणि जर्मनी या दोन्ही देशांत ते जवळजवळ एकाच वेळी तयार झाले. महायुद्धात ‘स्पिटफायर’ विमानाच्या चालकावरचे पारदर्शक छत याचेच होते.

आता कृतीकडे वळू. काच एकाच दिशेने वळत असेल, तर शिंपी बाही बेततो तसा आधी कागद बेतावा लागतो. मागे कललेली ही वळणदार काच उलगडली की ती आयत न राहता पंख्यासारखी दिसते, आणि नवशिक्याचे गणित नेमके येथे चुकते. वळण दोन्ही दिशांना असेल, तर लाकडाचा ठोकळा तासून, त्यावर मऊ फ्लॅनेल चढवून, सुमारे १५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून मऊ केलेला अ‍ॅक्रिलिकचा पत्रा त्यावर दाबून धरतात. फ्लॅनेल अशासाठी, की मऊ पत्रा लाकडाची प्रत्येक रेघ उचलतो. पत्रा थंड होईपर्यंत हात हलवायचा नाही, आणि कापण्याची घाई तर मुळीच करायची नाही.

घात होतो तो जोडताना. झटपट चिकटणाऱ्या सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाची वाफ काचेवर बसते आणि सारा नितळपणा धुकट पांढरा होतो. क्लोरोफॉर्मसारखे द्रावण अ‍ॅक्रिलिकच्या कडा उत्तम सांधते. पण त्याचा थेंब मधोमध पडला की तेथे डाग कायमचा. म्हणून जाणते लोक गोंदावर भार टाकीतच नाहीत. सज्जावर बारीक खाच पाडतात, काच तीत उभी करतात आणि पितळी चौकटीच्या सूक्ष्म खिळ्यांनी धरून ठेवतात. फार तर पांढऱ्या पातळ गोंदाचे एखादे बोट. लाकडाचे रोगण पूर्ण वाळल्यावरच हे करायचे.

अशी काच पुढे कोणालाही सहज काढता येते, आणि मला तर यातच तिचे मोठेपण वाटते. अ‍ॅक्रिलिक अभ्रकाइतके टिकते की नाही, हे सांगायला अजून शंभर वर्षेदेखील झालेली नाहीत. तेव्हा कारागिराने प्रतिकृती कोणाच्या हवाली करताना काचेचा तो लाकडी ठोकळा आणि बेतलेला कागद तिच्याबरोबर एका डबीत घालून द्यावा.